गुरूचं सोनं, सूर्याचं तांबं

गुरुवारची सकाळ. जळगावचा सराफ बाजार. दुकानाचं शटर अजून पुरतं वर गेलेलं नाही, तोच पायऱ्यांवर बायका येऊन उभ्या आहेत. आज गुरुपुष्यामृत. कुणाला वेढणं हवंय, कुणाला मण्यांची जोडी. काउंटरच्या कडेला बसलेल्या आजी बटव्यातल्या नोटा सुट्या करतायत. त्यांचं मागणं एवढंच : "गुंजभर दे रे बाबा."

गुंज म्हणजे एक बी. लालभडक, टोकाला काळा डाग. ९६ गुंजांचा एक तोळा. म्हणजे एक गुंज साधारण १२० मिलिग्रॅम. काटा डिजिटल झाला, बिल ग्रॅममध्ये होतं, पण आजींच्या तोंडी गुंज टिकून आहे.

हा दिवस कसा ठरतो? चंद्र साधारण २७ दिवसांत सगळ्या नक्षत्रांतून फिरून येतो. त्यामुळे पुष्य वरचेवर येतं, पण ते गुरुवारी सापडणं वर्षातून मोजक्याच वेळा. पुष्याची देवता बृहस्पती आणि वारही त्याचाच.

मग खरेदी सोन्याचीच का?

युरोपातल्या किमयागारांना विचाराल, तर सोनं सूर्याचं. त्यांची खूण सोपी : एक वर्तुळ, मध्ये ठिपका. चांदीला चंद्रकोर. तांबं शुक्राचं, लोखंड मंगळाचं, कथील गुरूचं, शिसं शनीचं आणि पारा बुधाचा. आज आपल्याकडेही कित्येक जण सहज बोलून जातात, सोनं म्हणजे रवी.

पण शार्ङ्गधरसंहिता उघडा. सुमारे सातशे वर्षांपूर्वीचा हा आयुर्वेदाचा ग्रंथ नऊ धातू नऊ ग्रहांना वाटून देतो. सूर्याला तांबं. चंद्राला चांदी. मंगळाला पितळ, बुधाला शिसं, शुक्राला कथील, शनीला पोलाद. राहू-केतूंना कासं आणि कांतलोह, म्हणजे चुंबकी लोखंड. आणि सोनं? ते गुरूचं!

दोन्ही याद्या शेजारी ठेवून पाहा. सात ग्रहांपैकी एकाच ठिकाणी मेळ बसतो : चंद्र आणि चांदी. बाकी सगळी वाटणी निराळी. आपल्याकडेही ग्रंथागणिक जोड्या बदलतात, हे खरं. पण गुरुवार, गुरूचं नक्षत्र आणि गुरूचा धातू असे तिन्ही एका दिवशी जुळलेले दिसले, की मला आजींची ती गुंज फार जवळची वाटते. गुरू पिवळा, सोनं पिवळं. गुरू म्हणजे जडही, आणि सोनं तर शिशाहूनही कितीतरी जड. उगवता सूर्य तांबूस; त्याला अर्घ्य द्यायचं ते तांब्याच्या भांड्यातूनच. शनिवारी लोखंड विकत आणू नये, असं सांगणारी माणसं आजही घरोघरी आहेत. ही यादी पोथीत पडून राहिली नाही, ती बाजारात चालते.

भाव मात्र ग्रह ठरवत नाहीत. तो लंडन-न्यूयॉर्कचा दर, डॉलर आणि आयात शुल्क यांवर ठरतो. मुहूर्ताला सोनं वाढतंच, असं कुणी सांगितलं तर त्यावर विसंबून कर्ज काढू नका.

आणि यादीत नसलेले धातू? जस्त घ्या. राजस्थानात जावरच्या खाणींपाशी ते शेकडो वर्षांपूर्वी उकळून, वाफ थंड करून काढत. मातीच्या ज्या मुशीत हे चाले, तिला रसशास्त्रात, म्हणजे धातू-पाऱ्याच्या जुन्या विद्येत, नाव आहे वृंताकमूषा, म्हणजे वांग्याच्या आकाराची मूस. वापरून झालेल्या मुशा तिथल्या लोकांनी घरांच्या भिंतींत रचल्या. नवग्रहांच्या वाटणीत जस्ताचं नाव नाही, पण तांबं-जस्ताच्या पितळेतून ते मंगळापर्यंत आधीच पोचलं होतं. ॲल्युमिनियम तर एकोणिसाव्या शतकातलं, त्याला कुठला ग्रह?

तरीही दिवाळीत लक्ष्मीपूजनाला मुंबईच्या मल्टी कमोडिटी एक्स्चेंजवर मुहूर्ताचे सौदे होतात, तेव्हा सोन्याचांदीच्या बरोबरीने जस्त आणि ॲल्युमिनियमचेही आकडे पडद्यावर हलतात.

जळगावात आजींचं बिल झालंय. गुलाबी कागदाची पुडी त्यांनी दोनदा उघडून पाहिली. ती थेट कपाटात जाणार नाही. आधी देवापुढे ठेवायची, वर चिमूटभर हळद वाहायची.