हेरवाडच्या बांगड्या

हे हात बघा जरा. हिरव्या काचेच्या बांगड्या, परातीत पीठ, भाकरी थापायचं चाललंय. या काकींचे मालक वारलेत, तरी बांगड्या हातात आहेत, आणि त्यासाठीच आम्ही इथं कॅमेरा घेऊन आलो.

आपल्यात बांगडी फुटली तरी फुटली म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात, एवढं त्या काचेला जपतात. आणि तीच बांगडी नवरा गेला की, कुठं तिरडी उचलायच्या आधी तर कुठं दहाव्याला, बाईचा हात धरून फोडायची, कुंकू पुसायचं, मंगळसूत्र तोडायचं, जोडवी काढायची. फोडणाऱ्याही बहुतेक बायकाच, त्यातल्या कितीतरी जणी स्वतः त्यातून गेलेल्या, हे मला फार टोचतं. तिला कुणी विचारत नाही की बाई तुला काय वाटतं. मग हळदीकुंकवाला बोलवणं बंद, पत्रिकेत नावामागचं सौ. जाऊन गं. भा.

हे गाव हेरवाड, तालुका शिरोळ, जिल्हा कोल्हापूर. आणि ही ग्रामपंचायत. ४ मे २०२२ ला इथल्या ग्रामसभेनं ठराव केला की ही विधवा प्रथा आपल्या गावात बंद. शाहू महाराजांच्या स्मृती शताब्दीचं ते वर्ष, ६ मे ला महाराजांना जाऊन शंभर वर्षं होणार होती, आणि ज्या राजानं १९१७ साली आपल्या संस्थानात विधवा पुनर्विवाहाचा कायदा केला त्याच्याच मातीत हा ठराव झाला, याचं मला फार अप्रूप वाटतं. यामागं करमाळ्याचे सामाजिक कार्यकर्ते प्रमोद झिंजाडे यांचा आग्रह होता. कोरोनात तरणीताठी माणसं गेली, घराघरात हे बघायला लागलं, तेव्हा झिंजाडेंनी स्वतःच प्रतिज्ञापत्र करून ठेवलं की माझ्यामागं माझ्या बायकोवर यातलं काही करायचं नाही. आणि हेरवाडचे सरपंच सुरगोंडा पाटील यांनी तो विषय ग्रामसभेपुढं आणला.

आता कुणी म्हणेल, बांगड्या घालायच्या की नाही हे त्या बाईनं ठरवावं, त्यात ग्रामसभा कशाला? बरोबर आहे, ठरवायचं तिनंच. पण दारात मयत ठेवलेलं, अंगणात सगळी भावकी जमलेली, आणि तिनं एकटीनं हात मागं घ्यायचा? एकटीनं नाही म्हटलं तर ती निलाजरी होते, गावानं नाही म्हटलं तर तो ठराव होतो. चार लोक काय म्हणतील याची भीती असते ना, तर इथं त्या चार लोकांनीच आधी सांगून टाकलं की आम्ही काही म्हणणार नाही. मग घालायच्या असतील तर ती घालेल, नसतील तर काढून ठेवेल.

पुढं १७ मे ला सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना हेरवाडसारखं करा म्हणून सांगितलं, बऱ्याच गावांनी ठराव केलेही. घराघरातली जुनी माणसं मात्र अजून सगळी तयार नाहीत.

आता काकी दुसऱ्या भाकरीला बसल्यात. मी बोलायचं थांबवतो, तुम्ही तेवढा आवाज ऐका.