माळ्यावरची हार्डडिस्क आणि पाचशे रुपयांचा डबा

श्रोतेहो, नमस्कार.

दिवाळी जवळ आली की आमच्या दुकानात दोन तऱ्हेची माणसं येतात. काही नवा कॉम्प्युटर घ्यायला, आणि काही माळ्यावरून काढलेला जुना कॉम्प्युटर रिक्षात घालून, "याचं काही येईल का हो?" असं विचारायला. सोलापुरात नवी पेठेच्या मागच्या बोळात माझं दुरुस्तीचं दुकान आहे. तीन माणसं उभी राहिली की चौथ्याला रस्त्यावर थांबावं लागतं. त्या एवढ्याशा जागेत मी गेली कित्येक वर्षं लोकांना एकच गोष्ट सांगतोय, तीच आज तुम्हाला सांगणार आहे. ती अख्खी पेटी, जिला आपण सगळे 'सीपीयू' म्हणतो, ती खुशाल भंगारवाल्याला द्या. पण त्याआधी चार स्क्रू फिरवा, आतली हार्डडिस्क, म्हणजे तुमचे फोटो-कागद साठवणारा भाग, काढून घ्या, आणि पाचशे रुपयांच्या एका डब्यात घालून लॅपटॉपला लावा.

कारण साधं आहे. कॉम्प्युटर 'गेला' म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा एसएमपीएस, म्हणजे आत वीज पुरवणारा भाग, उडालेला असतो, मदरबोर्ड, म्हणजे मुख्य सर्किट, गेलेला असतो, नाहीतर मशीन इतकं जुनं झालेलं असतं की चालू व्हायलाच पाच मिनिटं लागतात. डिस्क बिचारी आत धडधाकट असते. भंगारवाला ती वजनावर घेतो. तिच्यात मुलीच्या बारशाचे फोटो आहेत की जमिनीचे कागद, याच्याशी त्याच्या काट्याला देणंघेणं नसतं.

मागच्या वर्षी असेच एक अण्णा आले. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत त्यांचा चादरीचा कारखाना. ऑफिसातला जुना कॉम्प्युटर बंद पडला होता, पेटी विकून झाली होती, पण नातवाने वेळेवर सांगितलं म्हणून डिस्क तेवढी काढून आणली होती. पंच्यात गुंडाळून. टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "यात आमची डिझाइनं आहेत."

आता चादरीचं डिझाइन म्हणजे काय, हे सोलापूरकरांना मी सांगायला नको. जॅकार्ड मागावर भोकं पाडलेल्या कार्डांची माळ फिरते. भोक असलं की तो धागा उचलायचा, नसलं की नाही. फ्रान्समध्ये जोसेफ मारी जॅकार्डने १८०४ च्या सुमारास ही युक्ती बसवली, आणि पुढे हिशेबाची यंत्रं करणाऱ्यांनी ती उचलली. भोक आहे किंवा नाही, एक किंवा शून्य. म्हणजे अण्णांच्या जुन्या कार्डांचे ढीग हीसुद्धा एका अर्थी हार्डडिस्कच, फक्त ती उंदीर खातात. पुढे अण्णांनी नक्षी कॉम्प्युटरवर काढायला सुरुवात केली, आणि वीस वर्षांचा मोर, वेलबुट्टी, कमळ सगळं ८० जीबीच्या एका डिस्कमध्ये जाऊन बसलं.

डिस्क बघितली आणि मी डोकं खाजवलं. मागे चाळीस पिनांची रुंद पट्टी. ही आयडीई, डिस्क जोडायची जुनी पद्धत. २००३ च्या आसपास साटा ही नवी पद्धत आली आणि पुढे पाच-सहा वर्षांत हिने बाजार सोडला. साटाची ओळख सोपी आहे. मागे पिना दिसत नाहीत, दोन चपट्या पट्ट्या असतात, इंग्रजी 'एल' अक्षरासारख्या वळलेल्या. ते वळण मुद्दाम आहे, उलटी बसूच नये म्हणून. तुमच्या घरातली तबकडी फिरणारी डिस्क गेल्या पंधरा वर्षांतली असेल तर ती जवळपास नक्की साटाच असणार.

मग हा डबा म्हणजे काय? दुकानात त्याला केसिंग म्हणतात, खोक्यावर एन्क्लोजर लिहिलेलं असतं. रिकामी डबी आणि तिच्यात बोटाएवढं सर्किट, बस्स. डिस्क साटाची भाषा बोलते, लॅपटॉपच्या बाहेरच्या खाचेला यूएसबी कळते. ते सर्किट मध्ये बसून दुभाष्याचं काम करतं. आपल्याकडे घरी तेलुगू, दुकानात मराठी आणि अक्कलकोटकडच्या पाहुण्यांशी कन्नड बोलणारी पोरं आहेत ना, तसं. डिस्क आत सरकवायची, पट्टीवर थोडं दाबायचं, 'कट्' असा बारीक आवाज येतो, झाकण लावायचं. झाली बाहेरची हार्डडिस्क.

घेताना मात्र आधी डिस्कचं माप बघा. लॅपटॉपची डिस्क अडीच इंची, तळहातावर मावणारी. तिचा डबा पाचशेच्या आसपास मिळतो आणि तिला वेगळी वीज लागत नाही, यूएसबीतूनच पाच व्होल्ट मिळतात. मोठ्या कॉम्प्युटरची डिस्क साडेतीन इंची. तिची मोटार बारा व्होल्टवर फिरते आणि ते साध्या यूएसबीतून येत नाहीत, म्हणून तिच्या डब्याबरोबर अडॅप्टर असतो आणि डबाही महाग पडतो. डबा यूएसबी ३ चा घ्या. जुन्या यूएसबी २ मधून सेकंदाला तीस-पस्तीस एमबीच्या पुढे काही जात नाही. ३ मध्ये डिस्क आपल्या पुऱ्या वेगाने पळते. लॅपटॉपवर ती खाच बऱ्याचदा आतून निळी असते.

अडीच इंची डिस्क लावली, दिवा लागला, पण नुसतीच टिक-टिक करतेय आणि दिसत नाही, अशी तक्रार घेऊन लोक येतात आणि आल्या आल्या डिस्क खराब ठरवून मोकळे होतात. थांबा. यूएसबी २ ची खाच नियमाप्रमाणे ५०० मिलिअँपिअर देते, ३ ची ९००. फिरायला सुरुवात करताना डिस्क जास्त ओढते. मोठ्या कॉम्प्युटरच्या पुढच्या खाचांना आतून लांब वायर असते, तिथे वीज आणखी पडते. मागच्या खाचेत लावून बघा, आखूड केबल वापरून बघा. मागची खाच, चांगली केबल, दुसरा कॉम्प्युटर, हे सगळं करूनही एका ठेक्यात टक-टक चालूच राहिली, तर मात्र डिस्क ताबडतोब बंद करा. आतलं वाचणारं डोकं तबकडीपासून काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असतं. ते बिघडलं असेल तर तुम्ही पुन्हा पुन्हा लावून बघाल तेवढं तबकडीवर ओरखडा वाढत जाईल. आणि फ्रीजरमध्ये ठेवायचा सल्ला कुणी दिला तर हात जोडा.

आता माझीच एक फजिती सांगतो. साडेतीन इंची डब्याच्या अडॅप्टरची गोल पिन आणि काही लॅपटॉपच्या चार्जरची गोल पिन अगदी सारखी असते, साडेपाच मिलिमीटरची. एका रात्री घाईत मी एकोणीस व्होल्टचा चार्जर बारा व्होल्टच्या डब्यात खुपसला. एक चट्कन आवाज, आणि मग तो वास. विजेचं काम करणाऱ्याला तो वास कुणी सांगावा लागत नाही. डिस्क माझी स्वतःची होती म्हणून वाचलो, गिऱ्हाइकाची असती तर तोंड दाखवायला जागा नव्हती. डिस्कच्या हिरव्या पट्टीवर, वीज आत येते तिथे, हरभऱ्याच्या डाळीएवढा एक डायोड असतो. जास्त व्होल्ट आले की तो स्वतः शॉर्ट होतो आणि पुढच्यांना वाचवतो. मी तो उपटून काढला, बरोबर अडॅप्टर लावला, डिस्क फिरली. त्याच रात्री सगळं दुसरीकडे उतरवून घेतलं. हा उद्योग घरी करायचा नाही. घरी एवढंच करा, अडॅप्टरवर पांढऱ्या पेनाने मोठ्ठं 'डिस्क १२' लिहून ठेवा.

साडेतीन इंचीची आणखी एक खोड आहे आणि ती आपल्याकडे फार नडते. लाइट जाते. लॅपटॉप बॅटरीवर चालूच राहतो, त्यामुळे काही झालं असं वाटतच नाही. पण डिस्कचा अडॅप्टर भिंतीवर असतो, तिची वीज गेलेली असते, आणि नेमकी फाइल लिहिली जात असेल तर ती अर्धी राहते. कधी कधी फाइलच काय, अख्ख्या डिस्कचा जमाखर्चच विस्कटतो. मोठी कॉपी चालू असेल तर तो अडॅप्टर इन्व्हर्टरच्या प्लगवर लावा. अडीच इंचीला ही काळजी नाही, ती लॅपटॉपच्याच बॅटरीवर जगते.

उन्हाळ्याचंही सांगायला हवं. मे महिन्यात आपल्याकडे बेचाळीस-त्रेचाळीस म्हणजे काही बातमी नव्हे. चालू डिस्क भोवतालच्या हवेपेक्षा दहा-पंधरा अंशांनी सहज तापते, आणि बहुतेक डिस्कना कंपनीने साठच्या आसपास मर्यादा घातलेली असते. हिशेब तुम्हीच करा. साडेतीन इंचीला ॲल्युमिनियमचा डबा घ्या, तो अंगातून उष्णता बाहेर टाकतो. आणि गादीवर, चादरीवर ठेवून चालवू नका. आपली चादर ऊब धरण्याबद्दल प्रसिद्ध आहे, ती इथेही तेच करते.

डिस्क लावल्यावर पडद्यावर काय येतं, इथे लोक खरे घाबरतात. कधी विंडोज म्हणतं, ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल. 'हो' दाबू नका. हो दाबू नका. दोनदा सांगतोय, कारण दाबून आलेली माणसं मी मोजत नाही. त्या बिघाडातही बऱ्याचदा आतला माल जागेवर असतो, फक्त अनुक्रमणिका फाटलेली असते. चुकून साधं फॉरमॅट झालंच, तर त्यावर पुढे एक अक्षरही लिहू नका आणि जाणत्याकडे न्या. फिरत्या डिस्कमधून पुष्कळ परत निघतं. एसएसडीवर, म्हणजे तबकडी नसलेल्या नव्या डिस्कवर, मात्र हा भरवसा धरू नका, ती रिकाम्या झालेल्या जागा स्वतःच पुसत बसते.

कधी जुन्या नावाचा फोल्डर उघडत नाही, 'परवानगी नाही' म्हणतो. ते कुलूप साधं आहे, 'कंटिन्यू' दाबलं आणि थोडं थांबलं की बहुधा उघडतं. नव्या लॅपटॉपचं मात्र वेगळं. त्यांत बिटलॉकर नावाचं खरं कुलूप असू शकतं, तुम्ही न लावताही लागलेलं. ते अठ्ठेचाळीस आकडी किल्ली मागतं. ती किल्ली बऱ्याचदा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात पडलेली असते. लॅपटॉप धडधाकट आहे तोवर आज संध्याकाळीच जाऊन ती वहीत उतरवून ठेवा. आणि च्युइंगगमच्या पट्टीसारखी चपटी एसएसडी निघाली तर तिचा डबा वेगळा. त्यातही साटा आणि एनव्हीएमई असे दोन प्रकार आहेत, डिस्क हातात घेऊनच दुकानात जा.

तर अण्णा. आयडीईचा एक जुना डबा माझ्या खणात होता. डिस्कवरचा जंपर, तो इवलासा काळा तुकडा, 'मास्टर'वर सरकवला आणि चालू केली. आधी काहीच नाही. मग हळूहळू 'सूंऽऽ' असा चढता आवाज. अण्णा पुढे वाकले. मागावर आयुष्य गेलेल्या माणसाला आवाजावरून यंत्र कळतं. म्हणाले, "चालतंय."

नातवाचा एक मेलेला लॅपटॉप त्यांच्या घरी होताच. त्यातली अडीच इंची डिस्क काढली, नव्या डब्यात घातली, तपासली, आणि जुन्या डिस्कवरचं सगळं तिच्यात उतरवलं. बारीक बारीक हजारो फाइली, यूएसबी २ चा वेग, दीड तास लागला. चहा दोनदा झाला. एकेक नक्षी पडद्यावर येत होती आणि अण्णा सांगत होते, ही कुणाच्या लग्नाच्या ऑर्डरची, ही चाललीच नाही, ही अजून मागतात. आणखी एक प्रत नातवाच्या कॉम्प्युटरवर ठेवायला लावली, कारण डबा हातातून पडायला किती वेळ लागतो?

आठ दिवसांनी अण्णा परत आले. त्या डब्याला त्यांनी कारखान्यातल्या टॉवेलच्या कापडाची पिशवी शिवली होती, जाड, मऊ, नाडीसकट. केबलपुरतं भोक ठेवून डिस्क तिच्यातच चालवत होते. मी म्हटलं, "अण्णा, पिशवी झकास आहे, पण चालू असताना काढून ठेवा. तापते ती."

अण्णांनी पिशवीवरून हात फिरवला.

"काय बे," म्हणाले, "आमचा टॉवेल उबदार निघाला ही तक्रार पहिल्यांदाच ऐकतोय."

नमस्कार.