म्हशीचा रोग, म्हशीच्याच पेशीत

(दृश्य : महू रस्त्यावरचा गोठा, पहाट. धार चालू.)

इंदूरच्या कितीतरी मराठी घरांत दूध अजूनही बंदीचं, म्हणजे रतिबाचं, येतं. भाव ठरलेला, हिशेब महिन्याचा, आणि गवळी बहुधा वडिलांच्या वेळचा. या गोठ्यातले कॅन अंधार असतानाच निघतात आणि चहाच्या वेळेला रामबागेत पोचतात. म्हशी वीसेक असतील.

(दृश्य : मागचा कोपरा. पोत्यावर आडवं रेडकू.)

हे रेडकू नऊ दिवसांचं. कालपासून हगवण लागली आहे. शेण पिवळं, नुसतं पाणी. जनावरांच्या रोगांवर संशोधन करणाऱ्या मॅडम मानेची कातडी चिमटीत धरून सोडतात. धडधाकट जनावराची कातडी लगेच जागेवर बसते. इथे बघा, घडी तशीच उभी आहे.

“चीक कधी पाजला होतात, दादा?”

“रात्री दीडला व्यायली. सकाळी धार काढली तेव्हा पाजला.”

“सकाळी म्हणजे?”

“आठ वाजले असतील, मॅडम.”

म्हशीच्या वारेतून प्रतिपिंडं पिल्लाकडे जात नाहीत. जी मिळायची ती चिकातून, आणि आतडं ती जशीच्या तशी आत घेऊ शकतं ते जन्मानंतर जेमतेम एक दिवस. त्यातही पहिले काही तास सगळ्यांत मोलाचे.

(इथे निवेदन नाही. म्हैस मान वळवून बघते तो शॉट पूर्ण जाऊ द्या.)

रेडकू त्यानंतर तिसऱ्या दिवशी गेलं. म्हशीने पान्हा चोरला, आणि दादांना बंदीतली दोन घरं कमी करावी लागली.

(दृश्य : प्रयोगशाळा. प्रकाशपेटीवर जेल.)

शेणाचा नमुना त्याआधीच शहरातल्या या प्रयोगशाळेत आला होता. जागा दोन खोल्यांची. संस्थेचं नाव घेऊ नका असं इथल्या लोकांनी सांगितलंय, म्हणून घेत नाही. शेणातून विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचं जनुकीय द्रव्य, वेगळा करायचा, जेलमध्ये घालून वीज सोडायची आणि सिल्व्हर नायट्रेटने रंगवायचं. रेघा उमटतात. वरून मोजत या : चार, दोन, तीन, दोन. एकूण 11. हगवण लावणाऱ्या रोटाव्हायरसच्या जनुकसंचाचे तुकडेच 11 असतात, आणि ही मांडणी त्याच्या ‘ए’ गटाची. चाचणी जुनी, स्वस्त आणि भरवशाची.

निदान इथे झालं. मॅडमचा प्रश्न मात्र पुढचा आहे : हा विषाणू आतड्याच्या अस्तरात शिरून नेमकं करतो काय, आणि ते बघायला आणखी एका रेडकाला मुद्दाम आजारी का पाडायचं?

(दृश्य : सूक्ष्मदर्शकाची नळी, मॅडमचे हात. जुनी छायाचित्रं आमच्याकडे नाहीत, तेव्हा इतिहास याच शॉटवर ऐकावा.)

वासरांच्या हगवणीत हा विषाणू अमेरिकेतल्या नेब्रास्कात दिसला तो 1969 साली. मुलांच्या जुलाबात तो मेलबर्नला रूथ बिशप आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसला 1973 मध्ये. आज आपल्या बाळांना सरकारी लसीकरणात रोटाची लस मिळते. भारतात सापडलेल्या ज्या विषाणूपासून रोटाव्हॅक बनली, त्याच्यात एक जनुक गाईच्या रोटाव्हायरसचा आहे. पुण्यात बनणारी रोटासिल तर गाईच्या विषाणूच्याच पायावर उभी आहे. गोठ्याने पाळण्याला एवढं दिलं. गोठ्याच्या वाट्याला काय आलं?

माकडाचं मूत्रपिंड. रोटाव्हायरस वाढवायला जगभर वापरतात त्या एमए-104 पेशी माकडाच्या मूत्रपिंडातल्या. लाळ्या-खुरकुताची लस ज्या पेशींत बनते त्या बीएचके-21 हॅमस्टरच्या पिल्लाच्या मूत्रपिंडातल्या. या पेशी भराभर वाढतात, फार लाड मागत नाहीत. त्या सोयीवर लशी बनल्या, जनावरं वाचली, ते नाकारायचं नाहीच. पण मूत्रपिंडाच्या पेशीला शेंबडासारखा चिकट थर नसतो, ती अन्न शोषत नाही, तिला हगवण ठाऊक नाही. आतड्याचा रोग तिला विचारायचा आणि ती जे सांगेल ते आतड्याच्या नावावर खपवायचं, असं बरीच वर्षं चाललंय.

ज्या अवयवाचा रोग, त्याच अवयवात तो वाढवावा, हे तसं नवं नाही. हॉलंडमध्ये संशोधक फ्रेंकेल यांनी 1940 च्या दशकात कत्तलखान्यातून आलेल्या जनावरांच्या जिभांचं अस्तर जिवंत ठेवून त्यात लाळ्या-खुरकुताचा विषाणू वाढवला आणि त्यापासून लस केली. अडचण एकच होती. ते अस्तर थोडा काळ टिकायचं, मग पुन्हा नव्या जिभा लागायच्या.

(दृश्य : बर्फाचा डबा. त्यात आतड्याचा तुकडा.)

आता मुख्य काम : म्हशीच्या आतड्याचे ऑर्गनॉइड, म्हणजे मूळपेशींपासून प्लेटमध्ये वाढवलेले आतड्याच्या अस्तराचे बारीक गोळे. हा तुकडा म्हशीच्या लहान आतड्याचा, परवानाधारक कत्तलखान्यातून आलेला. मध्य प्रदेशात गोवंशाच्या वधाला बंदी आहे, म्हणून म्हैस. जनावर गेल्यापासून घड्याळ सुरू होतं, कारण आतड्याइतक्या लवकर दुसरं फार थोडं काही सडतं.

तुकडा उभा चिरून उघडतात. गार द्रावणात धुतात. एकदा नाही, पाणी नितळ दिसेपर्यंत. मग काचपट्टीच्या कडेने वरचा थर खरवडून टाकतात. जातात ते अस्तराचे उंचवटे, व्हिलाय. अन्न शोषणारी पेशी तिथली, पण तिचं आयुष्य थोड्या दिवसांचं. हवं आहे ते त्याखाली, खळग्यांत. या खळग्यांना क्रिप्ट म्हणतात, आणि सगळं अस्तर सतत नव्याने घडवणाऱ्या मूळपेशी तिथे बुडाशी बसलेल्या असतात.

(दृश्य : नळी हलवताना, अगदी जवळून. द्रावण गढूळ होतं.)

ईडीटीए नावाचं रसायन पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारं कॅल्शियम ओढून घेतं. मग नळी हलवायची. जोरात नाही. मॅडमची विद्यार्थिनी मनगटाने हलवते, थांबते, उजेडासमोर धरते, पुन्हा हलवते. हा गढूळपणा म्हणजे सुटून आलेले क्रिप्ट. बारीक जाळीतून गाळले, यंत्रात फिरवले, तळाशी पांढरा ठिपका उरला. तो ठिपका एका जेलमध्ये मिसळायचा. हे जेल बर्फावर पातळ असतं आणि ऊब लागली की थिजतं, म्हणून पिपेटची टोकंसुद्धा फ्रीजमधून काढलेली. चोवीस कप्प्यांच्या प्लेटमध्ये प्रत्येकी एक थेंब. लगेच प्लेट उपडी, म्हणजे थेंब पसरत नाही, घुमट होऊन बसतो.

वरून जे गुलाबी द्रावण घालतात त्यातच सगळी मेख आहे. डब्ल्यूएनटी, आर-स्पाँडिन, नॉगिन : मूळपेशीला ‘तू अजून आतड्यातच आहेस’ असं वाटत ठेवणारी प्रथिनं. ती विकत घ्यायची तर बजेट कोलमडतं. त्यावर उपाय म्हणजे ही तिन्ही प्रथिनं सोडणाऱ्या उंदराच्या पेशी वाढवायच्या आणि त्यांचं द्रावण वापरायचं. गाय, डुक्कर, घोडा यांच्या आतड्याला एवढं पुरतं, हे अमेरिकेत 2017 मध्ये दाखवलं गेलं. त्याआधी 2009 साली नेदरलँड्समध्ये तोशिरो सातो आणि हान्स क्लेव्हर्स यांनी उंदराच्या एकाच मूळपेशीपासून आतड्याचं अस्तर उभं केलं होतं. उंदरापासून गोठ्यापर्यंत यायला इतकी वर्षं लागली, याचं मला तरी नवल वाटत नाही. पैसा जिकडे, तिकडे आधी.

(दृश्य : एकाच घुमटाचं रोजचं चित्रण, वेग वाढवून.)

पहिल्या दिवशी गोळा. मग पोकळी. मग कडेला फुगवटे, प्रत्येक फुगवटा म्हणजे एक नवा क्रिप्ट. आठवड्याभरात तोडून पुन्हा लावायचे, आणि उरलेले द्रव नायट्रोजनमध्ये. फ्रेंकेल यांच्या जिभेला जे जमलं नाही ते इथे जमलं : एका म्हशीचं आतडं पुन्हा पुन्हा वाढवता येतं.

एक घोळ आहे. आतड्यात विषाणू येतो अन्नाच्या बाजूने, आणि ऑर्गनॉइडची ती बाजू आतल्या पोकळीत बंद असते. म्हणून हे गोळे उशीच्या अभ्र्यासारखे उलटे करावे लागतात. जेल काढून गोळे द्रावणात तरंगत ठेवले की पेशी स्वतःच तोंड फिरवतात. मानवी आतड्यावर ही युक्ती 2019 मध्ये प्रसिद्ध झाली. कोंबडीचे ऑर्गनॉइड तर मुळातच तोंड बाहेर करून वाढतात. तिच्याकडून कोणी एवढ्या शहाणपणाची अपेक्षा केली नव्हती.

(दृश्य : काळोखी पार्श्वभूमी. हिरव्या चमकणाऱ्या पेशी.)

या गोळ्यांवर विषाणू सोडतात त्या खोलीत कॅमेरा नेता येत नाही. हे दुसऱ्या दिवसाचं चित्र. हिरवं दिसतं ते विषाणूचं प्रथिन. सगळा गोळा हिरवा झालेला नाही, हे लक्षात घ्या. रोटाव्हायरस धरतो त्या पिकलेल्या, शोषण करणाऱ्या पेशी. बुडाच्या मूळपेशी बऱ्याचशा सुटतात. म्हणूनच ज्या रेडकाच्या अंगात पाणी टिकवता येतं त्याचं अस्तर थोड्या दिवसांत भरून येतं. सलाइन आणि मीठ-साखरेचं पाणी जीव वाचवतं ते यामुळे.

उणिवाही सांगायला हव्यात. या गोळ्यात रक्त नाही, रोगाशी लढणाऱ्या पेशी नाहीत, आतड्यातले जिवाणू नाहीत. लशीचं संरक्षण टिकतं का, याचं उत्तर शेवटी जनावरच देणार. आणि जे जेल इतकं जपून वापरलं ते निघतं उंदराच्या गाठीतून.

(दृश्य : पुन्हा गोठा. कास धुताना.)

मार्च 2024 मध्ये अमेरिकेत दुभत्या गाईंना बर्ड फ्लू झाल्याचं निष्पन्न झालं. विषाणू कासेत वाढत होता आणि दुधातून बाहेर पडत होता. पक्ष्यांचा म्हणून ओळखला जाणारा रोग कासेत कसा रुजला, हे कासेच्या अस्तरावरच बघावं लागतं. असले विषाणू या दोन खोल्यांत उघडत नाहीत. त्यासाठी भोपाळची राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्था आहे. पण निरोगी कासेचे ऑर्गनॉइड आधीपासून तयार ठेवता येतात, आणि मॅडमना पुढचं काम तेच करायचं आहे. अडलंय ते ऊतीपाशी. कत्तलखान्यात येते ती आटलेली म्हैस. दूध देणारी कोण विकतो?