दीड मीटरचा बोगदा

स्क्रीनवर हे जे गुलाबी भुयार दिसतंय ना, घड्यांमधून आपण वळत वळत चाललोय, ते एका माणसाचं मोठं आतडं आहे आणि गंमत म्हणजे आत कॅमेरा गेलेलाच नाही. सगळं सीटी स्कॅनवरून कम्प्युटरने रचलंय. नॉर्थ कॅरोलिनातल्या विन्स्टन-सेलमचे रेडिऑलॉजिस्ट डेव्हिड वायनिंग यांनी १९९४ मध्ये अशी सफर डॉक्टरांना दाखवली, तेव्हापासून तिला व्हर्च्युअल कोलोनोस्कोपी म्हणायला लागले. नेहमीच्या कोलोनोस्कोपीत मोठ्या आतड्यात खरोखरची दुर्बीण घालून बघतात.

आदल्या दिवशी जुलाबाचं औषध घ्यावं लागतं, ते काही आम्ही शूट केलं नाही, कोण करू देणार! त्याच्यासोबत बेरियम किंवा आयोडीनचं औषधही पितात, म्हणजे आत जे काही उरलं असेल ते स्कॅनमध्ये पांढरं उठून दिसतं. बघा, हे पांढरं तळं सॉफ्टवेअरने कसं पुसून टाकलं.

आता टेबलावर. बारीक रबरी नळी गुदद्वारातून जेमतेम आत सरकवली आणि हे छोटं मशीन हळूहळू कार्बन डायऑक्साइड सोडतंय. साधी हवा का नाही, तर हा गॅस आतडं पटकन शोषून घेतं, नंतर पोट तासन्‌तास फुगलेलं राहत नाही. आतडं नीट फुगलंच नाही तर भिंती एकमेकींना चिकटतात आणि पॉलिप, म्हणजे आतड्याच्या भिंतीवर वाढलेली गाठ, मधे लपून बसतो. आधी उताणं, श्वास रोखा, स्कॅन. मग पालथं, परत तेच. दोनदा का? मळाचा गोळा असेल तर कूस बदलल्यावर घरंगळतो, पॉलिप सहसा भिंत धरून राहतो. दहा-पंधरा मिनिटांत काम संपतं, भूल नाही, माणूस स्वतः गाडी चालवत घरी. अमेरिकेचे अध्यक्ष असताना २०१० मध्ये ओबामांनी हीच तपासणी करून घेतली होती.

आणि २००३ मध्येच प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १,२३३ लोकांपैकी प्रत्येकाची एकाच दिवशी दोन्ही प्रकारे तपासणी झाली होती, त्यात १० मिलिमीटर किंवा त्याहून मोठे अ‍ॅडिनोमा, म्हणजे पुढे कॅन्सर होऊ शकणारे पॉलिप, सीटीने ९३.८ टक्के पकडले, नेहमीच्या कोलोनोस्कोपीने ८७.५. तरी अमेरिकेतल्या म्हाताऱ्यांच्या सरकारी विम्याने, मेडिकेअरने, स्क्रीनिंगसाठी याचे पैसे द्यायला २०२५ चा जानेवारी उजाडावा लागला! बावीस वर्षं!!

हो, थोडं रेडिएशन लागतं, चपटे आणि अगदी बारीक पॉलिप निसटू शकतात आणि मोठा सापडला तर काढायला शेवटी दुर्बीण घालावीच लागते.

इथे कर्सर थांबलाय. घडीच्या मागे, उताण्या स्कॅनमध्ये पण आणि पालथ्या स्कॅनमध्ये पण, त्याच जागी. अकरा मिलिमीटर.

डॉक्टरांनी फोन उचललाय. पोट आजच साफ आहे, तर दुपारीच कोलोनोस्कोपीची वेळ मिळते का, विचारतायत.