बांबू उपटणारा गोरो

या पोटऱ्या बघा. मधे आवळलेल्या भोपळ्यासारख्या टरारून फुगलेल्या. आणि रेघा गांडुळासारख्या, इथे जाड, तिथे बारीक. हा गडी अख्खा बांबू मुळासकट उपटतोय. चित्र तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयातलं, तोरीई कियोमासूच्या नावावरचं. तोरीई हे चित्रकारांचं घराणं काबुकीच्या, म्हणजे जपानच्या पारंपरिक नाटकाच्या, नाटकगृहांच्या पाट्या रंगवायचं. रस्त्यापलीकडून नजर खेचणारी रेघ त्यांच्या हातातच होती. ठसा काळ्या शाईचा, वरचा रंग कुंचल्याने भरलेला. तो रंग म्हणजे चक्क शेंदूर.

गडी आहे सोगा गोरो. ११७६ साली त्याच्या वडिलांचा खून झाला, तेव्हा तो अजाण पोर होता. १७ वर्षांनी, फुजी पर्वताच्या पायथ्याशी, शिकारीच्या छावणीत शिरून दोघा भावांनी सूड उगवला. थोरला जूरो तिथेच पडला. गोरोला पकडून ठार केलं.

मात्र या चित्रातला गोरो म्हणजे पहिला इचिकावा दांजुरो, १६९७ मध्ये एदोच्या, म्हणजे आजच्या तोक्योच्या, रंगमंचावर उभा राहिलेला नट. खरा गोरो पाचशे वर्षांपूर्वीच गेला होता; एदोच्या लोकांनी पाहिला तो हाच. पुढे दांजुरो घराण्याची खूण, एकात एक बसवलेली धान्याची तीन मापं, वीराच्या बाहीवर दिसली की नट कोण हे विचारावंच लागत नसे.

१७२९ मध्ये मुलगा, दुसरा दांजुरो, ‘यानोने’ या नाटकात गोरो झाला. बाणाचं भलंमोठं पातं घासता घासता गोरोला डुलकी लागते. स्वप्नात भाऊ मदतीला हाक मारतो. गोरो ताडकन उठतो, दारावरून चाललेल्या मुळेवाल्याचा घोडा हिसकावतो आणि चाबूक म्हणून मुळाच उगारतो! या मुळ्यावर माझा फार जीव आहे. असल्या रांगड्या भूमिका लहान मुलाच्या मनाने करायच्या, असं काबुकीत सांगतात. ते इथे उमगतं.

मग लाकडी ठोकळे कडाडतात. मान गर्रकन वळते, डोळे वटारले जातात आणि नट जागच्या जागी थिजतो. याला म्हणतात ‘मिए’. चित्रकाराला हवा असायचा तो हाच क्षण.

आजही चेहऱ्यावर आधी पांढरा लेप चढतो. त्यावर लाल रेघ, तिची एक कड बोटाने पुसट केलेली. प्रयोग संपला की कधीकधी घामेजल्या तोंडावर रेशमी कापड दाबतात. हलक्या हाताने सोलून काढलं, की कापडावर भुवया, ओठ, लाल रेघा जशाच्या तशा उमटतात. डोळ्यांच्या जागा तेवढ्या कोऱ्या.