शपथ नाकारलेला आमदार

श्रोतेहो, १० जानेवारी १९६६ रोजी अमेरिकेतील अटलांटा येथे जॉर्जिया राज्याच्या प्रतिनिधिगृहात निवडून आलेले आमदार शपथ घेत असताना ज्युलियन बाँड या कृष्णवर्णीय तरुणाला मात्र बाजूला थांबवण्यात आले. त्याच्या वयाची सव्वीस वर्षे पूर्ण व्हायला चार दिवस बाकी होते. त्याच दिवशी सभागृहाने १८४ विरुद्ध १२ मतांनी त्याला सदस्यत्व नाकारले.

असे काय घडले होते? बाँड यांचा जन्म नॅशव्हिलचा. वडील होरेस मान बाँड हे नामवंत शिक्षणतज्ज्ञ. मोरहाउस महाविद्यालयात शिकत असतानाच, १९६० साली, ज्युलियन नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या ‘स्निक’ या विद्यार्थी संघटनेच्या स्थापनेत सहभागी झाले आणि पुढे तिच्या प्रसिद्धीचे काम पाहू लागले. न्यायालयाच्या आदेशाने मतदारसंघांची फेररचना झाल्यावर १९६५ मध्ये ते निवडून आले. ३ जानेवारी १९६६ रोजी अलाबामात टस्कीगी येथे सॅमी यंग या कृष्णवर्णीय विद्यार्थी कार्यकर्त्याला पेट्रोल पंपावर गोळी घालून मारण्यात आले. तीन दिवसांनी या हत्येचा दाखला देत ‘स्निक’ने व्हिएतनाम युद्धाचा निषेध करणारे निवेदन काढले. ते बाँड यांनी लिहिलेले नव्हते. पण पत्रकाराने विचारताच आपण त्याच्याशी सहमत असल्याचे त्यांनी सांगितले. सक्तीच्या सैन्यभरतीचे कार्ड जाळणाऱ्यांच्या धैर्याचे त्यांना कौतुक होते, मात्र स्वतःचे कार्ड त्यांनी जाळले नव्हते.

राज्यघटनेशी निष्ठेची शपथ घ्यायला ते तयार होते, तरीही ती ते प्रामाणिकपणे घेऊच शकणार नाहीत, असे सभागृहाने ठरवले. शपथ घेणाऱ्याच्या मनात काय आहे याचा निवाडा बहुमताने करण्याचा हा प्रकार मला फार गंभीर वाटतो, कारण ही मुभा एकदा मान्य केली की मतदारांनी कोणालाही निवडले तरी अखेरची निवड सभागृहाचीच राहते. मतदार मात्र डगमगले नाहीत. रिकाम्या जागेच्या पोटनिवडणुकीत त्यांनी पुन्हा बाँड यांनाच निवडले, आणि नोव्हेंबरमध्ये तिसऱ्यांदा. खालच्या न्यायालयात बाँड दोन विरुद्ध एक अशा मतांनी हरले. परंतु ५ डिसेंबर १९६६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्यांच्या बाजूने कौल दिला. सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांच्या निकालपत्राचा गाभा असा, की वादग्रस्त प्रश्नांवर भूमिका घेणे हे लोकप्रतिनिधीचे कर्तव्यच आहे, त्यामुळे सामान्य नागरिकापेक्षा त्याचे भाषणस्वातंत्र्य कमी असू शकत नाही.

जानेवारी १९६७ मध्ये त्यांनी शपथ घेतली. पुढच्याच वर्षी शिकागोच्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात देशाच्या उपाध्यक्षपदासाठी त्यांचे नाव पुकारले गेले. या पदासाठी पस्तीस वर्षांची अट असल्याने अठ्ठावीस वर्षांच्या बाँड यांनी ते मागे घेतले. १९७५ पासून ते राज्याच्या सिनेटमध्ये होते. तिथे त्यांनी काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, अटलांटातील पाचव्या मतदारसंघात कृष्णवर्णीयांचे ठळक बहुमत राहावे यासाठी नेटाने झुंज दिली, आणि अखेर न्यायालयाच्या हस्तक्षेपानंतर तशी रचना झाली.

१९८६ मध्ये त्याच मतदारसंघातून त्यांनी काँग्रेसची उमेदवारी मागितली. समोर होते ‘स्निक’चे माजी अध्यक्ष जॉन लुईस, पाव शतकाचे मित्र. पहिल्या फेरीत बाँड पुढे होते. निर्णायक फेरीत ते थोडक्यात हरले. कृष्णवर्णीय मतदारांत त्यांना आघाडी होती, पण श्वेतवर्णीय मतदारांनी पारडे लुईस यांच्याकडे झुकवले. काँग्रेसच्या उमेदवारीसाठी बाँड यांनी राज्य सिनेटची जागा सोडली होती. जानेवारी १९८७ मध्ये, शपथ घेतल्याला बरोबर वीस वर्षे होत असताना, त्यांची विधिमंडळातील कारकीर्द संपली. पुढे व्हर्जिनिया विद्यापीठात ते नागरी हक्क चळवळीचा इतिहास शिकवत राहिले.