आयर्विनची लेव्हल आणि हजारात एक

हा सांगलीचा कृष्णा नदीवरचा आयर्विन पूल, 1929 चा, पुराची पातळी इथंच मोजतात. जुलै-ऑगस्टात सांगलीत जेवण झालं का हे नंतर, आधी आयर्विनला किती फूट झालं ते विचारतात. 40 फूट म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका, आणि 2019 च्या ऑगस्टात इथलं पाणी 57 फुटांच्या वर गेलेलं. मग मोबाईलवर वरच्या अंगाचे, कोयना धरणाकडचे मेसेज सुरू होतात, धरणाजवळच्या नवजाला पाऊस किती पडला, महाबळेश्वरला किती, धरणाच्या पायथा वीजगृहातून 2100 क्युसेक (सेकंदाला तितके घनफूट) पाणी सोडलं, सहाच्या सहा दरवाजे अमुक फूट उचलले.

या मेसेजात एक आकडा कधीच नसतो. दरवाजा उचलायचं बटण दाबलं आणि तो उचललाच नाही, असं व्हायची शक्यता किती?

हा आकडा काढता येतो. 1975 ला अमेरिकेत अणुअभियांत्रिकीचे प्राध्यापक नॉर्मन रासमुसेन यांच्या टीमनं अणुभट्ट्यांसाठी असे आकडे मोठ्या प्रमाणावर काढून रिपोर्टच दिला. पद्धत तशी सरळ आहे, दरवाजा का अडकेल ते तोडत तोडत खाली जायचं, मोटार जळेल, साखळी किंवा रोप तुटेल, लाईट जाईल, ऑपरेटर पोचणार नाही, आणि मग एकेकाचा जुना रेकॉर्ड बघून शक्यता मांडायची.

एक दरवाजा वर्षात हजारात एक वेळा दगा देतो असं धरू, ऐकायला झकास वाटतं. पण कर्नाटकात तुंगभद्रा धरणाला 33 दरवाजे आहेत, आणि 33 पैकी निदान एक तरी बिघडायची शक्यता त्याच हिशोबानं वर्षाला तीन टक्क्यांच्या वर जाते, म्हणजे साधारण तीस वर्षांत एकदा. 10 ऑगस्ट 2024 च्या रात्री तिथल्या 19 नंबरच्या दरवाजाची साखळी तुटली आणि दरवाजा वाहून गेला, धरण जवळपास सत्तर वर्षांचं. मग बाकीचे दरवाजे उघडून पाणी सोडावं लागलं, तेव्हा कुठं आठवड्याभरानं त्या जागी तात्पुरता अडसर बसला.

आता खरी गंमत पुढं आहे. समजा, लाईट जायची शक्यता वीसात एक आणि जनरेटर चालू न व्हायची पन्नासात एक. गुणाकार केला की हजारात एक, झालं, फाईल बंद. पण गुणाकार कधी चालतो? दोन्ही गोष्टींचा एकमेकांशी काही संबंध नसेल तर. दोन मोटारी घेतल्या आणि दोन्ही एकाच डीपीवर, म्हणजे एकाच ट्रान्सफॉर्मरवर, जोडल्या तर उसाला पाणी मिळायची खात्री डबल होत नाही, हे वाळव्याच्या कुठल्याही शेतकऱ्याला सांगायला लागत नाही. दरवाजा उचलायची गरज पडते ती नेमकी पावसाच्या रात्री, आणि त्या रात्री लाईट जायची शक्यता वीसात एक कुठली, दोनात एक म्हणा. गुणाकार लगेच शंभरात एकवर आला, दहापट वाईट, आणि त्याच पावसानं जनरेटरच्या खोलीत पाणी शिरलं तर काय ते अजून धरलंच नाही. जपानच्या फुकुशिमा अणुवीज केंद्रात 2011 ला हेच झालं, भूकंपानं बाहेरची वीज गेली आणि त्सुनामीच्या पाण्यानं जवळपास सगळे डिझेल जनरेटर बंद पाडले, बरेचसे तळघरातच होते.

दुसरी अडचण रेकॉर्डची, त्यासाठी लांब जायला नको, साताऱ्यातल्या पाटण तालुक्यात चला. कोयना धरण बांधलं तेव्हा दख्खनचं पठार भूकंपाच्या बाबतीत शांत मानलं जायचं, आणि जुना रेकॉर्ड तेच सांगत होता. 1962 च्या सुमाराला पाणी साठायला लागलं, हादरे बसायला लागले, आणि 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे मोठा भूकंप झाला. पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. धरणाला तडे गेले, धरण उभं राहिलं हे आपलं नशीब म्हणा नाहीतर दगड-काँक्रीटचं वजन. इथल्या भूकंपांचा संबंध साठलेल्या पाण्याशी लावला जातो, म्हणजे धरण नसतानाचा रेकॉर्ड धरण झाल्यावर कामाचाच राहिला नव्हता. नंतर धरणाची मजबुती वाढवली, आधी 1970 च्या दशकात आणि मग सांडव्याची 2006 पर्यंत.

जाता जाता, ‘शंभर वर्षातून एकदा येणारा पूर’ याचा अर्थ एकदा आला की शंभर वर्षं निवांत असा नाही, दरवर्षी एक टक्का असा आहे. नदीकाठी वीस वर्षांच्या कर्जावर फ्लॅट घेतला तर हप्ते फिटेपर्यंत तो पूर बघायची शक्यता 18 टक्के निघते, बिल्डर हे सांगत नाही.

मग करायचं काय? जनरेटरमध्ये दहा वर्षांत एखादा बिघाड होतो आणि चालू करून बघेपर्यंत तो दिसत नाही असं धरा. वर्षातून एकदाच चाचणी घेतली तर बिघाड सरासरी सहा महिने तसाच लपून बसतो, म्हणजे ऐनवेळी जनरेटर बंद सापडायची शक्यता पाच टक्के. तीच चाचणी महिन्याला घेतली तर अर्ध्या टक्क्याच्या आत येते. मशीन तेच, एक रुपयाचं नवीन सामान नाही. फक्त चाचणी घेताना दरवाजाची मोटार जोडून लोड टाकायचा, नुसता धूर बघून वहीत सही करायची नाही.